बार्बीचे कपडे मांडायचे कसे? (बाहुल्या नव्हे, कपडेच)

चिपळूणची_ठमी

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकते. वय सत्तेचाळीस, नोकरी पतपेढीत आणि छंद बार्बी जमवण्याचा. हसून घ्या, आमच्याकडे सगळ्यांचं हसून झालंय.

बाहुल्या तशा फार नाहीत. बहुतेक नव्वदीतल्या, इथेच भारतात बनलेल्या, लिओ कंपनीच्या खोक्यातल्या. ‘एक्स्प्रेशन्स ऑफ इंडिया’ मालिकेतल्या दोघी आहेत, काही जुन्या बाजारातून आलेल्या झिपऱ्या आहेत. कपडे मात्र ट्रंकभर. त्याला कारण माझी दादरची मावशी. तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाइकांनी टाकलेल्या तुकड्यांतून ती दर मे महिन्यात माझ्या बार्बीला कपडे शिवायची. खणाचं परकर-पोलकं आहे, त्याच्या पोलक्याला मागे तीन टिचबटणं आणि बाही चक्क चुण्यांची. ती बाही माझ्या करंगळीतसुद्धा जात नाही. संक्रांतीची काळी चंद्रकळा आहे. माझ्याच शाळेचा निळा पिनाफोर आहे, त्याच्या खिशात घडी घातलेला रुमाल. आणि नऊवारीचा एक फसलेला प्रयत्न, त्याबद्दल पुढे कधीतरी.

दुसरा गठ्ठा अमेरिकेतल्या मैत्रिणीकडून येतो. ती घरोघरच्या जुन्या सामानाच्या विक्रीला फिरते आणि बार्बीचं काही दिसलं की उचलते. त्यात काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘बार्बी’ लिहिलेले कपडे निघाले. एक लाल मखमली कोट आहे, आतून पांढरं सॅटिनचं अस्तर. शोधल्यावर कळलं की हा ‘रेड फ्लेअर’, १९६२ पासूनचा. माझ्यापेक्षा वयानं मोठा.

आता मुलगा पुण्याला गेला आणि त्याच्या ढाली-करंडकांचं काचेचं कपाट रिकामं झालं. तिथे हे कपडे मांडायचेत. प्रश्न असे:

कपडे बाहुल्यांच्या अंगावर घालून ठेवू की नुसते? नुसते ठेवले तर ते फडक्यांसारखे दिसतात. कपाट हॉलमध्ये आहे, दुपारी चारनंतर ऊन थेट काचेवर येतं. पावसाळ्यात आमच्या भिंतींचं काय होतं ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको. डांबराच्या गोळ्या टाकल्या तर चालतील का?

आणि शेवटचा. एका जाणकार संग्राहकांनी मला सांगितलं की घरी शिवलेल्या कपड्यांना किंमत नसते, ते कंपनीच्या कपड्यांत मिसळले की सगळ्या संग्रहाचा दर्जा जातो. मावशीचं काम वेगळ्या डब्यात घालून आत ठेवावं असं त्यांचं मत. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका

बाहुल्यांतलं मला शून्य कळतं, पण ओल कळते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. खाली विटा किंवा लाकडी ठोकळे द्या. मागचा प्लायवूड भिंतीला टेकला की जूनमध्येच पांढरी बुरशी धरणार. बाकी जाणकारांना चहा पाठवून द्या आणि मावशींचे कपडे पुढे मांडा.

टिचबटण

ठमे, (मी साठी ओलांडली आहे, त्यामुळे ‘तू’च म्हणते.)

तुझ्या शेवटच्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं, म्हणून तिथूनच सुरू करते. मी पुण्यात चाळीस वर्षं शिवणकाम शिकवलं. बार्बीच्या नादी लागले तीच कपड्यांमुळे, बाहुलीचा चेहरा मला आजही फारसा आवडत नाही.

कंपनीचे कपडे म्हणजे यंत्रातून पडलेले आणि मावशीचे घरगुती, असं त्या गृहस्थांना वाटत असेल तर त्यांनी जरा मागे जाऊन बघावं. मॅटेल कंपनीनं बार्बी आणली मार्च १९५९ मध्ये, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत. त्याच्या आधी शार्लट जॉन्सन ही त्यांची ड्रेस डिझायनर जपानात जाऊन राहिली होती, कारण सगळे कपडे तिथे शिवले जात होते. शिवत कोण होतं? घरी बसून, नगावर पैसे घेणाऱ्या बायका. तो एवढासा गळा, ती चालणारी झिप, नखाएवढं टिचबटण, सगळं त्यांच्या हातचं. तुझ्या लाल कोटावर कंपनीचं लेबल आहे, शिवणारीचं नाव कुठेच नाही. पोलकं कुणी शिवलं ते तुला ठाऊक आहे, एवढाच काय तो फरक, आणि तो पोलक्याच्या बाजूचा.

तेव्हा मी असं करीन. कोट आणि पोलकं शेजारी शेजारी ठेवीन आणि दोन्ही थोडे उघडे, आतली बाजू दिसेल असे. शिवण कळते ती आतून. कोटाचं अस्तर काठाला कसं वळवलंय, मावशींनी चुण्या धावदोऱ्यानं ओढल्यात की हातानं घडी घालून बसवल्यात, हे बघणाऱ्याला दिसू दे. बाहेरून दोन्ही नुसते गोड दिसतात.

आता बाहुलीच्या अंगावर ठेवायचे का? कायमचे, नाही. बाहुलीचं अंग मऊ प्लास्टिकचं असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं आणि जुन्या बाहुल्यांत ते हळूहळू बाहेर येतं. तुझ्या जुन्या बाजारातल्या झिपऱ्यांचे पाय चिकट लागत असतील तर ते हेच. तो चिकटा कापडात उतरतो. उलट, कापडाचा रंग प्लास्टिकमध्ये उतरतो आणि तो मग जन्मात निघत नाही. काळा, गडद लाल, निळा हे सगळ्यात वाईट. तुझी चंद्रकळा बाहुलीला नेसवून एक पावसाळा ठेवलीस तर संक्रांतीला बाहुलीच काळी निघेल. आधी पदराचा आतला कोपरा ओल्या पांढऱ्या कापसात दाबून बघ, रंग लागतो का ते.

मग कपडे उभे कसे करायचे? त्यांच्यासाठी धड करायचं. मोडकी बार्बी घे, हात-डोकं नसलेली चालेल. धडाला स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळ. त्यावर कागदी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लाव, एकच थर. पाठीवर उभा छेद देऊन कवच काढ, छेद पुन्हा चिकटव, आत कापूस दाबून भर आणि वरून मांजरपाट चढवून शिव. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन घे, खळ पूर्ण जायला हवी, कारण खळ खायला कसर येते. खालून विणायची सुई खोचली की उभं राहतं.

एक गोष्ट लक्षात ठेव, कंबर. कवच आणि मांजरपाट मिळून जाडी वाढते आणि मग कंपनीच्या स्कर्टचं टिचबटण लागत नाही. म्हणून कंबरेपाशी भरताना हात आखडता घे आणि दोऱ्यानं आवळून घे. बार्बीची कंबर एवढी बारीक का, यावर लोक हिरिरीनं वाद घालतात. शिवणारीला त्यातलं एक कारण लगेच कळतं. बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्शाची, साडेअकरा इंचाची. कापड मात्र सहापट पातळ मिळत नाही. स्कर्टचं कापड, पट्टी, अस्तर, आत खोचलेला ब्लाउज असे चार-पाच थर कंबरेवर आले की ती पिंपच दिसणार. ते थर पोटात घ्यायला कंबर आधीच खाल्लेली आहे.

हँगर करायचे तर तांब्याची किंवा पितळेची तार नको. पहिल्या काही वर्षांतल्या बार्बींच्या कानातल्या धातूनं त्यांचे कान हिरवे झालेत, संग्राहकांत त्याला ‘ग्रीन इअर’च म्हणतात. तोच हिरवा कापडावरही येतो. साधी लोखंडी टाचणी गंजते. अ‍ॅल्युमिनियमची तार घे, खांद्यापाशी मांजरपाटाची पट्टी गुंडाळ.

डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. कपड्यांना वास लागेल ते सोड, पण त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. बटणं, मणी, पर्सची कडी यांची वाट लागते. कसर लागलीये असं वाटलं तर तो कपडा पिशवीत घालून, हवा काढून, आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर कापडावर पाणी सुटतं. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या, त्या मात्र वेळोवेळी सुकवायच्या. निळे दाणे घेतलेस तर ते गुलाबी झाले की सुकवायची वेळ झाली असं समज.

चपला-बुटांचं सांगायचं राहिलं. ते कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नकोस. मऊ बुटातलं द्रव्य डबीत उतरतं आणि बूट तळाला वितळल्यासारखे चिकटतात. काचेची बाटली किंवा कागदाची पुडी बरी.

ऊन तर नकोच. चारचं पश्चिमेचं ऊन म्हणजे खणाचा रंग दोन वर्षांत गेला समज. संग्रहालयांत कापडावर ५० लक्सहून जास्त उजेड पडू देत नाहीत. एवढा उजेड म्हणजे आपल्याला खोलीत दिवा लावावासा वाटेल इतपतच. तू पडदा लाव आणि सगळी ट्रंक एकदम मांडू नकोस. सहा-सात कपडे बाहेर, बाकीचे आडवे, मऊ पांढऱ्या कापडात, अंधारात. चार महिन्यांनी बदल.

कोलंबियाकाठ

टिचबटण ताईंनी कपाटच लावून दिलं! मी सिअ‍ॅटलजवळ राहते. इथून तीन-चार तासांवर कोलंबिया नदीच्या वर एका उजाड टेकडीवर मेरीहिल नावाचं संग्रहालय आहे. ठमीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे काचेआड उभं आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा पॅरिसमधल्या फॅशनवाल्यांकडे ना कापड होतं ना पैसा. त्यांनी माणसांऐवजी बाहुल्यांचे कपडे शिवले. ‘थेअ‍ॅत्र द ला मोद’ म्हणतात त्याला. मार्च १९४५ मध्ये लूव्रच्या एका भागात प्रदर्शन भरलं. दोनशेहून अधिक बाहुल्या, साधारण सत्तर सेंटिमीटर उंचीच्या. मोठमोठ्या फॅशनगृहांनी पोशाख शिवले, मागचे देखावे कवी-चित्रकार ज्याँ कॉक्तोसारख्यांनी केले. मग हे सगळं युरोपात आणि अमेरिकेत फिरलं, सॅन फ्रान्सिस्कोत एका मोठ्या दुकानाकडे पडून राहिलं आणि १९५२ मध्ये मेरीहिलला आलं. देखावे हरवले होते, ते नंतर पुन्हा बनवले.

मला सांगायचंय ते बाहुल्यांच्या शरीराबद्दल. ती नुसती तारेची आहेत. हात म्हणजे वाकवलेली तार, पाय म्हणजे तार, वर प्लास्टरचं पांढरं डोकं, डोळ्यांत रंग नाही, ओठांना लाली नाही. चेहरा मुद्दाम पुसल्यासारखा ठेवलाय. त्यामुळे नजर थेट कपड्यांवर जाते. आणि कपडे कसे, तर बटणाला खरं काज, हातमोज्याला शिवण, पर्स उघडते. मी एका कोटाच्या कॉलरपाशी इतका वेळ नाक लावून उभी होते की तिथल्या बाईंनी येऊन काही हवंय का असं विचारलं.

तेव्हा ताई म्हणतात तसं मांजरपाटाचं धड कराच, पण खाली सुईऐवजी तारेचे पाय देऊन बघा. पिनाफोर नुसत्या सुईवर फुगा लटकल्यासारखा दिसेल. तारेचे दोन पाय, एक जरा पुढे, की शाळेत निघालेली मुलगी उभी राहते.

(कुणी जाणार असाल तर हिवाळ्यात ते बंद असतं. आधी बघून निघा.)

चिपळूणची_ठमी

तारेचे पाय!! हे मला सुचलंच नसतं.

टिचबटण ताई, काल रात्री ट्रंक उपसून तुमचा कापसाचा प्रयोग केला. चंद्रकळेनं रंग सोडला, चांगला जांभळट. म्हणजे ती आडवीच राहणार. खणानं सोडला नाही. मावशीच्या पोलक्याच्या चुण्या धावदोऱ्याच्या आहेत आणि दोन दोरे समांतर घालून ओढल्यात. आतून टोकं कुठेच दिसत नाहीत, काठाच्या पट्टीत घेतलीत.

नऊवारीचं विचारून घेते. मावशीनं एका ब्लाउजपीसची केली होती, पण ती नेसवली की बाहुली धोतर नेसलेल्या पहिलवानासारखी दिसते. मला कपाटात मधोमध नऊवारीच हवी आहे. नवीन करू का?

टिचबटण

कर, पण जुनी फेकू नकोस.

हिशेब असा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. सहावा हिस्सा केला तर एक मीटर सदतीस सेंटिमीटर येतो आणि पन्हा साधारण आठ इंच. हिशेबाला हे बरोबर, नेसवायला चूक. कारण वर सांगितलं तेच, कापड सहापट पातळ होत नाही. निऱ्या, कासोटा आणि ओचा एकाच कंबरेवर आले की पहिलवान होणारच. मावशींचा दोष नाही, ब्लाउजपीसचा आहे.

जुनं, धुऊन धुऊन विरलेलं मलमलचं धोतर किंवा ओढणी शोध. नवीन मलमल घेतलीस तर आधी खळ घालव. लांबी मीटरभरच घे. कासोट्यात जे कापड आत दडतं ते कमी केलं तर बाहेरून कुणाला कळत नाही. काठ विणलेला मिळणार नाही, मिळाला तर बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत येईल. दोन-तीन मिलिमीटरची जरीची लेस घे आणि एकपदरी दोऱ्यानं लाव. लेस फक्त दिसणाऱ्या भागाला, कासोट्याच्या आत गेलेल्या काठाला लावू नकोस, तिथेच फुगतं.

नेसवायची धडावर, कापड दमट करून. निऱ्या हलक्या हातानं बसवायच्या, बारीक स्टीलच्या टाचण्या लावायच्या आणि रात्रभर तशीच वाळू द्यायची. सकाळी टाचण्या काढ. आरारूट, खळ, हेअरस्प्रे काही मारू नकोस, लोक मारतात.

आणि कासोटा मागे असतो, तेव्हा धड काचेकडे तोंड करून उभं करू नकोस. तिरकं ठेव किंवा मागे आरसा लाव. नऊवारी नेसणं मागूनच बघायचं असतं.

सदूचा_भाचा

वाचनमात्र होतो, पण एक भर. दिल्लीला गेलात तर शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम बघा, बहादूरशाह जफर मार्गावर. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीची एक बाहुली मिळाली, त्यावरून नाद लागला आणि १९६५ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. परदेशी बाहुल्या भरपूर आहेतच, पण ठमीताईंनी बघायच्या त्या भारतीय. प्रांतोप्रांतीचे पोशाख अभ्यासून त्यांच्याच कार्यशाळेत बनवलेल्या. साड्यांच्या काठांचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते काचेला डोळा लावून बघता येईल.

शिवाय एक शंका. माझ्या बहिणीच्या जुन्या बार्बीच्या पाठीवर १९६६ लिहिलंय. म्हणजे ती त्याच साली बनलेली का? ओएलएक्सवर टाकू का?

टिचबटण

टाकू नका, हसतील. १९६६ हे त्या अंगाच्या साच्याच्या हक्काचं (कॉपीराइटचं) साल आहे, बाहुली बनल्याचं नाही. तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं उमटत राहिला. त्याच्या खाली देशाचं नाव असतं ते वाचा आणि बाहुली बहिणीला परत द्या.

चिपळूणची_ठमी

अपडेट. कपाट भिंतीपासून पुढे ओढलं (काका, धन्यवाद, मागे खरंच बुरशी होती). पडदा शिवायला टाकलाय. एक धड तयार आहे, कंबर दोनदा आवळावी लागली. पिनाफोर चढवला, तारेचे पाय अजून लटपटतायत.

मावशीला फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. जपानच्या बायकांचं ऐकल्यावर म्हणाली, नगाला किती मिळायचे त्यांना? मग लाल कोटाचे आतले फोटो मागितले. पाठवले. संध्याकाळी तिचाच फोन. म्हणे कापड चांगलंय, अस्तरही नीट वळवलंय, पण डाव्या खांद्याला बाही ओढल्ये, चुणी पडत्ये बघ. घाईत लावली असणार बिचारीनं.

टिचबटण

मी फोटो न बघताच सांगते, मावशींचं बरोबर असणार. त्यांना विचार, कॉलर उरेब (तिरक्या कापलेल्या) कापडाची आहे का सरळ?